परगावच्या लेकराचं नाव आपल्या शाळेत



दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आपल्या वऱ्हाडात पालं पडायला लागतात. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, कुठंही जा. गावाबाहेरच्या पडीत, रस्त्याच्या कडेनं, नाहीतर कोणाच्या वावरातल्या गोठ्याजवळ काळ्या-निळ्या पन्न्या ताणलेल्या दिसतात. यातली बरीच माणसं मेळघाटातली, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली कोरकू. काही त्याच्याही पलीकडची, मध्य प्रदेशातल्या बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर भागातली. कापूस वेचायला, तूर कापायला, हरभरा सोंगायला येतात. वीटभट्टीवर आलेली कुटुंबं तर पावसाळा तोंडावर येईपर्यंत राहतात.

मागच्या हंगामात एका गावात आम्ही बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. विषय होता कर्जाच्या हप्त्यांचा. बैठक उठता उठता एक आजी म्हणाल्या, "त्या पालातल्या पोट्ट्या दिवसभर धुऱ्यावर बसून असतात. त्यायले शाळेत नाही घेत का वं?" शेजारची म्हणाली, "त्यायच्यापाशी कागद कुठी हायेत? अन् दोन महिन्यांसाठी कोण नाव लिहीन?" तिथंच बोलणं थांबलं. पण त्या दोन प्रश्नांची उत्तरं कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहेत. म्हणून आम्ही त्यावर हा कार्यक्रम केला. तुमच्या गटात वाचून दाखवता यावा म्हणून तो इथं लिहून देतोय.

आधी कागदाचं पाहू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क देणारा कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शाळेत आपण त्याला 'आरटीई' म्हणतो. हा कायदा म्हणतो की वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. प्रवेशाची तारीख उलटून गेली म्हणूनही नाकारता येणार नाही. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं तर आधीच्या मुख्याध्यापकांनी टीसी लगेच द्यायची आहे, आणि ती यायला उशीर झाला तरी नव्या शाळेनं मुलाला बाहेर ठेवायचं नाही. कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या पोरीला पहिलीत बसवायचं नाही. वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, आणि मागं पडलेलं भरून काढायला तिला वेगळं शिकवायचं.

थोडक्यात, पोरगी शाळेच्या दारात उभी राहिली की तिला आत घ्यायचं. कागद मागून जमवायचे, आणि ते काम शाळेचं.

आता दुसरा प्रश्न, परगावच्या लेकरांचं कोण करील. याच कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कामं दिली आहेत. खेड्यापाड्यात स्थानिक प्राधिकरण म्हणजे मुख्यतः जिल्हा परिषद, आणि तिच्या साखळीतली शेवटची कडी आपली ग्रामपंचायत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हे त्यातलं एक काम. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणं हे दुसरं, आणि ते स्वतंत्रपणे, वेगळं काढून लिहिलेलं आहे. कायदा हद्दीत 'राहणाऱ्या' मुलांबद्दल बोलतो. गावाच्या मतदारयादीत बापाचं नाव आहे का, गावात घर आहे का, असं काही तो विचारत नाही.

एवढा सरळ कायदा असताना नाव का लिहिलं जात नाही? आम्ही काही शिक्षकांशी बोललो. त्यांची अडचण समजून घेतल्याशिवाय भांडायला गेलं तर दार बंदच होतं, म्हणून ती सांगतो. शाळेची पटसंख्या 30 सप्टेंबरच्या हजेरीवर धरली जाते, आणि किती शिक्षक मिळणार हे त्या संख्येवर ठरतं. पालं पडतात त्यानंतर. पुन्हा प्रत्येक मुलाची नोंद आता ऑनलाइन असते. मेळघाटातल्या शाळेच्या खात्यावर असलेलं लेकरू इकडं घ्यायचं तर तिकडच्या शाळेनं ते सोडायला हवं, आणि तिकडच्या गुरुजींना आपला पट कमी होण्याची धास्ती. मग तिकडं नाव राहतं, इकडं लेकरू राहतं, आणि शिकणं कुठंच राहत नाही.

यावर वाट आहे. लेकरू थोड्या महिन्यांसाठी येणार असेल तर टीसीच्या मागं न लागता त्याला वर्गात बसवता येतं. त्यासाठी महाराष्ट्रात 'शिक्षण हमी कार्ड' आहे. गाव सोडताना मूळ शाळेनं हे कार्ड पालकांजवळ द्यायचं, त्यात मुलाचं नाव, इयत्ता, किती येतं ते लिहायचं, आणि जाईल तिथल्या शाळेनं ते पाहून मुलाला घ्यायचं. परतताना इकडच्या शाळेनं त्यावर हजेरी आणि प्रगती लिहून द्यायची. कार्ड नसलं तर? तरीही घ्यायचं. कारण हक्क कायद्यानं दिला आहे, कार्ड ही फक्त सोय आहे. मार्चच्या हजेरीत त्या लेकराला शाळेतलं जेवणही मिळतं, पहिली ते पाचवीला शंभर ग्रॅम धान्याचं आणि सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅमचं. पालातल्या माउलीला विचारा, या एका जेवणाची किंमत काय असते ती.

भाषेची अडचण खरी आहे. कोरकू ही मराठी-हिंदीच्या घराण्यातली नाही. झारखंडातली मुंडारी, संथाली ज्या कुळातल्या, त्या कुळातली आहे. पहिली-दुसरीचं कोरकू लेकरू आपल्या वर्गात गप्प बसलं तर ते 'ढ' नसतं, त्याला आपलं बोलणंच कळत नसतं. आमच्या ऐकण्यातल्या एका शिक्षिकेनं साधा उपाय केला. पालातल्याच सातवीच्या मुलीला लहानांच्या वर्गात रोज अर्धा तास बसवलं. 'पाणी', 'भाकर', 'ये', 'बस' यांचे कोरकू शब्द बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहून घेतले. गावातल्या पोरांना ते इतके आवडले की पंधरा दिवसांत मैदानात लगोरी खेळताना तेच शब्द ओरडायला लागली.

पण शाळेनं दार उघडलं तरी पोरी येतीलच असं नाही, आणि आमच्या मते खरी गाठ इथं आहे. सात-आठ वर्षांची पोरगी पालापाशी का थांबते? कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. माय सकाळी सहाला वावरात जाते. लहान्याला कोण सांभाळील? म्हणजे मोठीला शाळेत पाठवायचं असेल तर आधी लहान्याची सोय लागते, आणि ती अंगणवाडीत लागते. तीन वर्षांवरचं लेकरू अंगणवाडीत बसू शकतं. त्याहून लहान्याला घरी नेण्याचा आहार मिळतो, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मायांनाही मिळतो. हा 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यातला हक्क आहे आणि तो गावाबाहेरच्यांनाही आहे. अंगणवाडीताईंच्या फोनमधल्या पोषण ट्रॅकरवर लाभार्थ्याला एका अंगणवाडीतून दुसरीकडं हलवण्याची सोय आहे.

शिवाय आपल्या जिल्ह्याला तर याचा अनुभव आधीच आहे. 2021 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास खात्यानं स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी एक यंत्रणा काढली. ती आधी सहा जिल्ह्यांत चालवून पाहिली: अमरावती, पालघर, नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर आणि जालना. तेव्हा मंत्री होत्या आपल्याच तिवस्याच्या यशोमती ठाकूर. कुटुंब कुठून निघालं आणि कुठं पोचलं हे कळलं की तिथल्या अंगणवाडीनं आहार-लस सुरू ठेवायची, अशी ती कल्पना. यंत्रणा कितीही चांगली असली तरी पालात कोण उतरलंय हे संगणकाला दिसत नाही. ते वाटेनं जाणाऱ्या बाईला दिसतं.

एक गोष्ट मात्र मेळघाट सोडला की सुटतेच. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम, चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. ती त्या भागापुरती. सातव्या महिन्यातली बाई हरभरा सोंगायला खाली उतरली की ते जेवण संपतं, आणि काम मात्र दुप्पट होतं. म्हणून आपल्या अंगणवाडीतून मिळणारा आहार तिला चुकता कामा नये. तिच्याजवळ माता-बाल संरक्षण कार्ड आहे का, हेही विचारा. ते असलं की आरोग्य केंद्रात सिस्टरला तिचा मागचा हिशेब कळतो.

आणि बाळंतपण इथंच झालं तर? हे नीट ऐका, कारण पुढचा सगळा त्रास इथून सुरू होतो. जन्म जिथं झाला तिथंच नोंदवायचा असतो. बाळ आपल्या शिवारात जन्मलं तर नोंद आपल्या ग्रामपंचायतीत. "तुमच्या गावाकडं जाऊन करा" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. 21 दिवसांच्या आत नोंदवलं तर पैसे लागत नाहीत. तीस दिवसांपर्यंत थोडं उशीर-शुल्क. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणजे तालुक्याच्या खेपा, वकील, मजुरी बुडणं. नाव ठरलं नसेल तरी चालतं, नाव नंतर घालता येतं. दवाखान्यात जन्मलेल्याची खबर दवाखाना देतो. वावरात, पालात जन्मलेल्याची कोणीतरी ग्रामसेवकाला द्यावी लागते. त्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण बोलावताना आपण ग्रामसेवकच म्हणतो.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळा, आधार, मतदारयादी, पासपोर्ट या सगळ्यासाठी जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे. त्यात 2025 मध्ये राज्यात उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांची तपासणी सुरू झाली, अकोला-अमरावतीचं नाव त्यात पुढं होतं. अशा तपासणीत मोठ्या माणसाचं काही बिघडत नाही. ज्यांनी अडाणीपणानं किंवा फिरतीमुळं नोंद केली नाही अशा गरिबांना मात्र फार सोसावं लागतं. एकवीस दिवसांतली एक खेप ते सगळं वाचवते.

रेशनचं पुष्कळांना माहीत झालंय, म्हणून थोडक्यात. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी अंगठा लावून आपल्या गावच्या दुकानातून धान्य घेता येतं, मध्य प्रदेशातलं कार्ड असलं तरीही. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डावर महिन्याला पस्तीस किलो, आणि दोन्ही मोफत. थोडं धान्य इकडं उचलून उरलेलं गावाकडच्या म्हाताऱ्यांनी तिकडं उचललं तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयानं 29 जून 2021 ला सगळ्या राज्यांना ही सोय लावण्याचा आदेश दिला होता. दुकानदार "आमच्या गावचा कोटा आहे" म्हणाला तर त्याला हे सांगा.

पाण्याबद्दल खारपाणपट्ट्यातल्या बहिणींना आम्ही काय सांगावं! विहिरीचं पाणी आपण स्वतः तोंडात घेत नाही, नळाची वाट पाहतो. पालातली माणसं मग काय पितात? एका गावात पालाजवळ नळ नव्हता आणि गावातल्या नळावर "आधी गावाचं" म्हणून त्या बायांना शेवटी उभं करायचे. शेवटी म्हणजे बऱ्याचदा पाणी गेल्यावर. गटातल्या बायांनी ग्रामपंचायतीत बोलून एक टाकी पालाजवळ ठेवून घेतली, टँकरची नव्हे, साधी पाचशे लिटरची. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला आणि बालकल्याणासाठी असतो, तो मागायचा तर असल्याच कामासाठी मागावा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथं ठराव लिहून घेतला की ग्रामसभेत तो टाळता येत नाही.

आता एक अवघड बोलणं. ते टाळून हा विषय पुरा होणार नाही.

या सगळ्यात आपण फक्त बघ्या नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी कास्तकार आहेत, मुकादमाला उचल देऊन आपणच मजूर आणतो. हरभऱ्याला वारा लागला, घाटे गळायला लागले की आपल्यालाही वाटतं, बारा वर्षांची पोरगी हात चालवते तर चालवू दे. आम्हालाही वाटलं आहे, खोटं कशाला बोला. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवणं गुन्हा आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. स्वतःच्या कुटुंबाच्या शेतीत शाळा सुटल्यावर, सुटीत मदत करायची मोकळीक आहे. पण आपलं वावर हे त्या पोरीच्या कुटुंबाचं वावर होत नाही. मुकादमाशी बोलणी करतानाच सांगता येतं: जोडप्याची मजुरी ठरली तेवढीच देऊ, पोरांना वावरात आणायचं नाही, सकाळी शाळेत सोडायचं. एका शेतकरी बाईनं आम्हाला सांगितलं की तिनं सोंगणीची वेळच बदलली. बायांना साडेसातला बोलावलं, म्हणजे पोरांचं आवरून देता येतं. तिचा हरभरा काही गळून गेला नाही.

परक्यांच्या लेकरांना आपल्या शाळेत का घ्यायचं, हा प्रश्न जगात सगळीकडं विचारला गेला आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं 1975 मध्ये कायदा केला, की कागद नसताना मेक्सिकोकडून आलेल्यांच्या मुलांसाठी शाळांना पैसा मिळणार नाही. टायलर नावाच्या गावच्या शाळांनी अशा एकेका मुलामागं वर्षाला हजार डॉलर फी लावली. मजूर आईबापांनी एवढे कुठून आणायचे? काही कुटुंबं कोर्टात गेली. 15 जून 1982 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: आईबापांनी सीमा कशी ओलांडली याची शिक्षा मुलांना देता येणार नाही, शाळेत घ्यावंच लागेल. तिथं निदान देशाची सीमा मध्ये होती. इकडं मेळघाटातून दर्यापूरला येणारा माणूस जिल्हासुद्धा ओलांडत नाही. बैतूलहून येणारा राज्य ओलांडतो, पण देशात कुठंही राहण्याचा हक्क त्याला घटनेनं दिलेलाच आहे.

शाळेनं नाहीच घेतलं तर काय करायचं? पहिल्या दिवशी भांडू नका. मुख्याध्यापकांशी बोला, मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण निम्म्या बाया असाव्या लागतात, म्हणजे त्या खुर्च्या आपल्याच आहेत. तिथं नाही जमलं तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या. कायद्याप्रमाणे स्थानिक प्राधिकरणानं तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा आहे आणि पुढं राज्याच्या बालहक्क आयोगाकडं दाद मागता येते. तीन महिन्यांत हरभरा सोंगून लोक परत गेलेले असतात, हे आम्हाला कळतं. म्हणून जोर केंद्रप्रमुखापर्यंतच लावायचा, तिथं बहुतेक कामं होतात. लेकरू संकटात असेल, मारहाण होत असेल, कोणी डांबून ठेवलं असेल, तर वाट न पाहता 1098 वर फोन. तो फुकट लागतो.

गावात बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष. बऱ्याच गावांत ती कागदावर असते. पालं पडायच्या आधी, म्हणजे कोजागिरीच्या सुमारास, तिची एक बैठक मागून घ्या. वही घ्या आणि पालं पडली की दोघी-तिघी मिळून एक चक्कर मारा. किती कुटुंबं, सहा वर्षांखालची किती, शाळेच्या वयाची किती, कोणी गरोदर आहे का. आधार मागायचं नाही, फोटो काढायचा नाही. पोलीस आल्यासारखं वाटलं की माणसं गप्प होतात, दुसऱ्या दिवशी पालच हललेलं असतं. पहिल्या खेपेला नुसतं "कुठून आले? पाणी मिळते काय?" एवढंच विचारावं. त्या वहीची एक प्रत अंगणवाडीत, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत.

होळीला कोरकू माणूस कुठंही असो, तो गावाकडं निघतोच. त्यांचा तो सगळ्यात मोठा सण. गाडी कधी भरणार हे मुकादमाला आठ दिवस आधी माहीत असतं. त्याला विचारून ठेवा, आणि गुरुजींना सांगून त्या आधीच मुलांच्या हमी कार्डावर हजेरी लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. कार्ड नसेल तर शाळेच्या कोऱ्या कागदावर लिहून घ्या: नाव, इयत्ता, किती दिवस आली, काय शिकली, शाळेचा फोन नंबर. त्याला प्लॅस्टिकची पिशवी लावा आणि मायच्या हातात द्या. रेशनकार्ड जिथं ठेवते, तिथंच ठेव म्हणावं.